पडवीतली लाइट मीच बंद केली होती

अकरा दिवस वरच्या पोस्टवर होतो. तिथे मोबाईलला रेंज नाही. खाली उतरलो, अंघोळ केली, लंगरात जेवलो आणि मागच्या त्या ठरलेल्या दगडापाशी जाऊन उभा राहिलो. आमच्या इथे तेवढ्याच जागी दोन काड्या नेटवर्क मिळतं. अरुणाचलातल्या या जागेचं नाव लिहीत नाही, लिहायचंही नसतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. एवढ्या रात्री फोन करून घर उठवायचं नको वाटलं, म्हणून घराचं अ‍ॅप उघडलं.

अ‍ॅपवर दिसलं : पडवीची लाइट चालू, हालचाल टिपणारा सेन्सर ऑफलाइन. मनात म्हटलं, सेन्सरचा सेल संपला असणार आणि घरात कुणाचं लक्ष नाही. वीज फुकट जळतेय. अंगठा टेकवला. तिकडे साताऱ्याकडच्या आमच्या घरात लाइट बंद झाली. घरचं एक काम केल्याच्या समाधानात मी झोपायला गेलो.

सकाळी सौ.चा फोन आला. खुशाली विचारण्याआधी तिने विचारलं, "अहो, पडवीतली लाइट रात्री तुम्ही बंद केली का?"

"हो. चालूच राहिली होती."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "राहिली नव्हती. ठेवली होती."

मी वर होतो त्या दिवसांत आबा पडवीत पडले होते. डाव्या मनगटाला प्लॅस्टर. मला कळवायला मार्ग नव्हता आणि कळवून मी करणार तरी काय होतो! पोराने सेन्सरचा सेल काढून ठेवला आणि भिंतीवरचं बटण दाबून पडवीतली लाइट रात्रभर चालू ठेवायला सुरुवात केली. ती मी बंद केली. त्या रात्री दोनच्या सुमाराला आबांना उठायचं होतं. पडवीत अंधार दिसला. कुणाला हाक मारायची नाही हा त्यांचा स्वभाव. फटफटेपर्यंत ते खाटेवर बसून राहिले.

ही गोष्ट लिहायला मला दोन महिने लागले. आता लिहितोय, कारण आमच्या बराकीत आज दर दुसऱ्या जवानाच्या फोनमध्ये असलं अ‍ॅप आहे. गढवालच्या हवालदाराने गावच्या घरी कॅमेरे बसवलेत, केरळच्या नायकाने गेटपासून गिझरपर्यंत सगळं जोडलंय. निवृत्त मंडळींची मुलं पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून आईवडिलांच्या घरात हेच करतायत. करावं, पण आधी माझी चूक ऐकावी.

मी सिग्नल्समधला माणूस. पणजीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं, बावीस वर्षं तारा आणि रेडिओत गेली. त्यामुळे दिवाळीच्या रजेत घर 'स्मार्ट' करायला घेतलं तेव्हा हौस दांडगी होती. स्विचबोर्डामागे वायफायचे मॉड्यूल बसवले, काही बल्ब बदलले, दोन स्मार्ट प्लग, दोन सेन्सर, एक कॅमेरा. मग अ‍ॅपमध्ये घराचा नकाशा आखला. म्हणजे प्रत्येक खोलीला नाव द्यायचं आणि कुठली वस्तू कुठल्या खोलीत ते नोंदवायचं. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, आबांची खोली. त्यावर नियम लावायचे : हे झालं तर ते कर. चार दिवसांत घर माझ्या मुठीत आलं. मुठीत हा शब्द मी तेव्हा कौतुकाने वापरत होतो.

पडवीचा नियम साधा होता. रात्री हालचाल दिसली की लाइट लागेल, दोन मिनिटं हालचाल नसली की विझेल. मी स्वतः पाच वेळा चालून बघितलं. प्रत्येक वेळी बरोबर.

पण चाललो मी होतो. हा सेन्सर माणूस ओळखत नाही. अंगातून निघणाऱ्या उष्णतेत त्याच्या समोर बदल झाला, म्हणजे काही गरम वस्तू हलली, तरच त्याला कळतं. स्थिर उभा माणूस त्याच्या लेखी जवळजवळ नसल्यासारखाच. आबांचा गुडघा दुखतो. ते परसदारी जाताना निम्म्या पडवीत भिंतीला हात लावून थांबतात, कळ ओसरली की पुढे जातात. हे रोजचं आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, मला माहीत नव्हतं. त्या रात्री ते थांबले, दोन मिनिटं सरली, लाइट विझली आणि अंधारात उंबऱ्याचा अंदाज चुकला.

सेन्सर बिघडला नव्हता. त्याने मी दिलेला हुकूम तंतोतंत पाळला. चूक हुकमात होती, आणि हुकूम देणारा पायांनी धडधाकट होता.

दुसरा नियम याहून शहाणपणाचा. घरात कुणी नसेल तर सगळं बंद. घरात कुणी आहे की नाही हे अ‍ॅप फोनच्या ठिकाणावरून ठरवतं. अ‍ॅप फक्त माझ्या आणि सौ.च्या फोनवर. आबांकडे बटणांचा साधा फोन, आईकडे तोही नाही. सौ. पोराला घेऊन बाजाराला गेली की अ‍ॅपच्या हिशेबी घर रिकामं! पंखा बंद, टीव्ही बंद. आई बिचारी 'लाइट गेली' म्हणून पदराने वारा घेत बसायची. शेजारच्या घरात पंखा फिरताना दिसला तेव्हा कुठे उलगडा झाला. माझ्या नकाशावर खोल्या सगळ्या होत्या, पण घरातली दोन वडीलधारी माणसं नव्हती.

खरी लाइट गेली तर वेगळीच तऱ्हा. असे बरेच बल्ब वीज परत आली की आपणहून पेटतात. कंपनीने तसंच ठरवलेलं असतं, सेटिंगमध्ये जाऊन ते बदलावं लागतं. मी बदललं नव्हतं. पहाटे तीनला वीज आली की माजघर लखलखायचं आणि सगळं घर उठून बसायचं. फोनवर मला हे कुणी सांगितलं नाही. लांब असलेल्या माणसाला किरकोळ तक्रारी सांगत नाहीत, ही फौजीच्या घरची रीत आहे. आणि याच रीतीमुळे आपण लांबून आखलेला नकाशा चुकीचाच राहतो.

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पुढच्या रजेत मी गेलो तेव्हा प्लॅस्टर निघालं होतं. माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, बेळगावात आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नकाशा जमिनीला लावायचा असतो. जमीन नकाशाला लावत नाहीत."

ज्यांनी मॅप रीडिंग केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आधी नकाशा सेट करायचा, उत्तर जुळवायची, समोरचं टेकाड आणि कागदावरचं टेकाड एक आहे ना बघायचं, मगच पाऊल उचलायचं. मी घराचा नकाशा सेटच केला नव्हता. रजेवरच्या माणसाच्या डोक्यात जे घर असतं ते मी अ‍ॅपमध्ये उतरवलं. पण आपण वर्षातून दोन महिने घरी असतो. उरलेल्या दहा महिन्यांत माणसं म्हातारी होतात, खाटा हलतात, सवयी बदलतात.

माझं म्हणणं यापुढचं आहे. आबांच्या नोकरीत घरी अंतर्देशीय पत्र जायचं, उत्तर यायला पंधरवडा सहज जायचा. त्यामुळे आबांनी लांबून घर चालवायचा प्रश्नच नव्हता. बी-बियाणं, गुरं, पोरांच्या शाळा, सोयरीक, सगळं आईने ठरवलं. फौजीचं घर बाईच्या जिवावर चालतं हे आपण भाषणात म्हणतो, पण ते तिच्या हुकमावरही चालत होतं. आता आपल्या हातात अ‍ॅप आलं आणि आपण तिच्याकडचा तो हुकूम न बोलता काढून घेतला. गिझर कधी लागावा, फाटकाची लाइट कधी विझावी, हे तिला न विचारता बंकरमधून ठरतंय. वर आपण त्याला काळजी म्हणतो.

काळजी खरी असते, नाकारत नाही. या वस्तू वाईट आहेत असंही मी म्हणणार नाही. आमच्या विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर बघा. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीला मोटर चालू करायला उसातून विहिरीवर जायचं म्हणजे साप, विंचू, आणि आमच्या भागात बिबट्याही. स्टार्टरला सिम बसवल्यापासून आबा खाटेवरून मोटर सुरू करतात. पाणी संपलं तर मोटर आपोआप थांबते. हे यंत्र आमच्या घरी नीट का चाललं? कारण ते आबांच्या गरजेतून आलं, नंबर आबांचा नोंदवला, आणि विहिरीवरचं हिरवं-लाल बटण जागेवरच राहिलं. पडवीचं यंत्र माझ्या हौशीतून आलं होतं.

कॅमेऱ्याचं तर बोलायलाच हवं. फाटकावर कॅमेरा ठीक आहे. पण काही जण तो माजघरात लावतात आणि फोनवर विचारतात, "दुपारी कोण आलं होतं?" ज्या बाईने तुमच्यामागे सगळं घर ओढलं, तिच्यावर ही निगराणी? शत्रूच्या चौकीवर दुर्बीण लावतात, स्वतःच्या चुलीवर नाही.

शिवाय आपल्या पेशाची खबरदारी वेगळी. व्यायामाच्या एका अ‍ॅपच्या नकाशावरून कुठल्या कुठल्या देशांचे सैनिकी तळ उघडे पडले, ते जानेवारी २०१८ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. जुलै २०२० मध्ये आपल्या सैन्याने ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला सांगितली होती. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तेव्हा युनिटचे आदेश आधी, हौस नंतर. घराच्या अ‍ॅपला आपल्या फोनचं लोकेशन देऊ नका. प्रत्येक वस्तूचा पासवर्ड बदला. आमच्या कोअरचं ब्रीदच 'तीव्र चौकस' आहे, ते रजेवरही लागू असतं.

आता करायचं काय? सिग्नल्समध्ये एक गोष्ट हाडीमाशी भिनते : एकाच साधनावर विसंबायचं नाही. रेडिओ बंद पडला तर लाइन, लाइन तुटली तर माणूस पाठवायचा. घरालाही तेच लागू. भिंतीवरचं बटण हाताने चाललंच पाहिजे, वायफाय असो वा नसो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. नवीन वस्तू घेताना, इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालेल का, ते विचारा. २०२२ मध्ये आलेलं 'मॅटर' हे मानक पाळणाऱ्या वस्तू बहुधा तशा चालतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी एका अ‍ॅपला जोडता येतात.

नियम लावण्याआधी घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाला सोबत घेऊन रात्री एक फेरी मारा. ते कुठे थांबतात, कुठे हात टेकतात, तिथे नकाशा सुरू होतो. लाइट लावण्याचा नियम बिनधास्त लावा, पण विझवण्याचा लावताना शंभर वेळा विचार करा. जास्त जळली तर चार पैसे बिल येईल. लवकर विझली तर काय होतं ते आम्ही पाहिलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हँडिंग-टेकिंग ओव्हर. पोस्ट सोडताना आपण एकेक वस्तू मोजून, सही घेऊन ताबा देतो. घर सोडताना मात्र अ‍ॅपची मालकी खिशात घालून निघतो. खात्याचा मालक घरात राहणारा माणूस हवा. पासवर्ड, कुठलं बटण कशाचं, बंद पडलं तर काय करायचं, हे वहीत लिहून ती वही घरात ठेवा. उद्या आपला फोन दरीत पडला, किंवा आपणच परत आलो नाही, तर घरच्यांना स्वतःच्या घराची दारं उघडायला कंपनीला विनवण्या कराव्या लागू नयेत. हे वाक्य कडू आहे, पण आपल्या धंद्यात ते लिहून ठेवावं लागतं.

त्या रजेत आम्ही नकाशा पुन्हा आखला. या वेळी सौ. आणि पोरगा बोलत होते, मी फक्त टाइप करत होतो. तेव्हा कळलं की 'आबांची खोली' आता आबांची नाहीच. पायऱ्या नकोत म्हणून वर्षभर त्यांची खाट माजघरात आहे. खात्याची मालकी सौ.च्या नावावर केली. पडवीचा सेन्सर काढून फाटकावर लावला. आबांना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांनी एकच गोष्ट मागितली : खाटेवरून हात पोचेल असं एक साधं बटण. गावच्या वायरमनने अर्ध्या तासात बसवून दिलं.

काल पुन्हा त्या दगडापाशी उभा होतो. अ‍ॅपवर दिसलं, पडवीची लाइट चालू आहे. रात्रीचे सव्वादोन. दहा मिनिटांनी बंद झाली. म्हणजे आबा जाऊन आले.

मी कुठेही अंगठा टेकवला नाही.

जय हिंद.