योजना नंतर शोधा, आधी आपला जिल्हा समजून घ्या



मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे : "सर, सध्या कोणती योजना चालू आहे?" आज मी त्याचं उत्तर देणार नाही. कारण माझं मत असं झालंय की गावातला नवा उद्योजक योजना माहीत नसल्यामुळे अडत नाही, तर कोणतं काम कोणत्या ऑफिसचं आहे हे माहीत नसल्यामुळे अडतो.

मध्यंतरी नवेगाव बांधच्या एका ताईंचा फोन आला होता. तांदळाचे पापड, कुरड्या आणि मोहफुलाचे लाडू करून तलाव बघायला येणाऱ्या पर्यटकांना विकायचे, असा त्यांचा विचार. कल्पना चांगली, हाताला चव आहे, गिऱ्हाईकही दारात येतं. पण त्या म्हणाल्या, "सर, मी तीन ऑफिसं फिरली, सगळे म्हणतात हे आमच्याकडे नाही." तीन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी एका एजंटने अडीच हजार घेतले आणि उद्यम नोंदणी करून दिली. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे मोफत आहे!

आता यात ऑफिसवाल्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. ते काम खरंच त्यांच्याकडचं नव्हतं. पण अडीच हजार आणि तीन दिवस गेले ते गेलेच. ज्याचं भांडवल वीस हजारांचं आहे, त्याच्यासाठी हा छोटा तोटा नाही.

जिल्ह्यात सरकार एक नाही

आपण सरसकट "सरकारी ऑफिस" म्हणतो. प्रत्यक्षात जिल्ह्यात तीन वेगवेगळ्या रांगा आहेत. एकदा हे डोक्यात बसलं की निम्म्या फेऱ्या वाचतात.

पहिली रांग महसुलाची. वर जिल्हाधिकारी, मग उपविभागीय अधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि गावात तलाठी. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी असं नवं नाव मिळालंय. जमीन आणि दाखले ही कामं या रांगेची. सातबारा आणि आठ-अ तलाठ्याकडे, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला तहसीलमधून, जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून. नवेगाव बांधसाठी तहसील म्हणजे अर्जुनी मोरगाव.

दुसरी रांग पंचायत राजची. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, गोंदियाला जिल्हा परिषद. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून सुरू झाल्या. सरपंच, पंचायत समितीचा सभापती, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष ही निवडून आलेली माणसं. त्यांच्याबरोबर काम करणारे ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी हे नेमलेले. गावठाणातल्या घराचा नमुना ८, व्यवसायासाठी ग्रामपंचायतीचं ना हरकत, बाजाराची जागा, गावातले रस्ते, दिवाबत्ती, बचत गटांचं 'उमेद'चं काम हे सगळं याच बाजूला.

तिसरी रांग राज्याच्या स्वतंत्र खात्यांची. उद्योगाचं कर्ज-अनुदान जिल्हा उद्योग केंद्राकडे, खाद्यपदार्थांची नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे, जंगल आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतलं काही असेल तर वनविभागाकडे. वीज मीटरसाठी महावितरण, आणि ती तर कंपनी आहे.

अमेरिकेत आपल्या जिल्ह्यासारखी काउंटी असते. तिथे बऱ्याच ठिकाणी शेरीफ, म्हणजे पोलिसांचा प्रमुखसुद्धा, लोक मत देऊन निवडतात. आपल्याकडे जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक नेमलेले असतात. आपण निवडतो ती जिल्हा परिषद. म्हणून "साहेबांना भेटलं की सगळं होतं" ही समजूत सोडा. जिल्हाधिकारी कितीही चांगले असले तरी तुमच्या घराचा नमुना ८ ग्रामपंचायतच देणार.

नवेगाव बांधच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. तलाव कितीही भरलेला असो, आपल्या बांधीत पाणी कोणत्या पाटाने येतं हे शेतकऱ्याला माहीत असावं लागतं. दुसऱ्याच्या पाटावर दिवसभर बसून आपलं धान भिजत नाही.

मग ताईंनी कुठून सुरुवात करायची?

मी त्यांना जो क्रम सांगितला तोच तुम्हालाही सांगतो.

एक : घरातच धंदा करणार असाल तर ग्रामपंचायतीतून नमुना ८ आणि ना हरकत घ्या. शेतजमिनीवर शेड टाकायचं असेल तर सातबारा काढून आधी तहसीलमध्ये परवानगीचं विचारा.

दोन : उद्यम नोंदणी स्वतः करा. आधार आणि पॅन लागतं, फी नाही.

तीन : खाण्याची वस्तू विकायची, तर अन्न नोंदणी आधी, विक्री नंतर.

चार : बचत गटात असाल तर पंचायत समितीत 'उमेद'च्या कक्षात जा. शिकायचं असेल तर आरसेटीचं प्रशिक्षण मोफत असतं.

पाच : मशीनसाठी मोठं कर्ज हवं असेल, तेव्हाच जिल्हा उद्योग केंद्र. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. पण लक्षात ठेवा, हे अनुदान हातात रोख येत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. आणि कर्ज द्यायचं की नाही हे बँक ठरवते, उद्योग केंद्र नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी अशा वस्तू अनुदानावर मिळतात त्या बहुतेक वेळा यातूनच. अर्ज पंचायत समितीत चालतो. मोठ्या कर्जाच्या मागे धावण्याआधी हे विचारून बघा.

"उद्या या" म्हटलं तर?

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवांसाठी किती दिवसांत काम व्हायला हवं, फी किती, जबाबदार अधिकारी कोण आणि अपील कोणाकडे, हे सगळं ऑफिसात फलकावर लावणं बंधनकारक आहे. अर्ज दिला की पोच मागा, त्यावर क्रमांक असतो. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.

भांडायला जा असं मी म्हणत नाही. धंदा करणाऱ्याने भांडण टाळावं. पण तोंडी विचारणा आणि लेखी अर्ज यात फार फरक आहे. तोंडी विचारलेल्याची मुदत कधीच सुरू होत नाही.

आता माझी तक्रार

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. जिल्हा लहान करायचा तो सरकार लोकांच्या जवळ यावं म्हणून. महसूल आणि पंचायत राज तालुक्यापर्यंत, गावापर्यंत पोचलं. पण उद्योगाचं ऑफिस अजून गोंदियालाच. नवेगाव बांधहून जाऊन येऊन सव्वाशे किलोमीटर होतात, दिवस मोडतो. शेतकऱ्यासाठी तालुक्याला कृषी कार्यालय आहे, मग लहान उद्योजकासाठी का नाही?

नवं ऑफिस बांधा असं माझं म्हणणं नाही. महिन्यातून एक ठरलेला दिवस उद्योग केंद्राचा, अन्न प्रशासनाचा आणि बँकेचा माणूस पंचायत समितीत एकत्र बसला तरी पुरे. कोणी म्हणेल, असे मेळावे होतात की. होतात, पण मेळाव्यात भाषण होतं आणि हार घातले जातात. अर्ज तपासून "हा एक कागद कमी आहे" असं सांगणारा माणूस हवा असतो. आणि तारीख ठरलेली हवी, म्हणजे ताई मजुरी बुडवायची ती एकच दिवस बुडवतील.

ही मागणी कुठे करायची? ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा होतात आणि आपण उद्योजक तिथे नसतो. आपल्याला वाटतं ते राजकारण आहे. अहो, बाजाराचा ओटा कुठे होणार, तलावाकडच्या रस्त्यावर दिवे लागणार का, स्टॉलला जागा मिळणार का, हे तुमच्या गल्ल्याशी जोडलेले प्रश्न आहेत. तुम्ही तिथे बोलला नाहीत तर ठराव दुसऱ्याच्या सोयीचा होतो. ठराव लिहून घ्या, पंचायत समितीला पाठवायला सांगा, आणि जिल्हा परिषदेसाठी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तोच ठराव दाखवा.

या आठवड्याचं काम एवढंच : एक वही घ्या आणि एका पानावर तीन रकाने पाडा. महसूल, पंचायत, खाती. तुमच्या धंद्याला लागणारा एकेक कागद योग्य रकान्यात लिहा. अडलात तर कमेंटमध्ये विचारा, मी उत्तर देतो. पण पान पूर्ण होईपर्यंत घरातून निघू नका, आणि एजंटला एक रुपयाही देऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.