सहा महिने थांबवण्यापेक्षा वीस मिनिटं विचारा

२० मार्च २०२५. आयपीएलला दोन दिवस उरले होते आणि वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांचा घटस्फोट मंजूर झाला. अर्ज ५ फेब्रुवारीचा, म्हणजे सगळं दीड महिन्यात उरकलं. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करायला कुटुंब न्यायालयाने आधी नकार दिला होता, कारण पोटगीच्या ठरलेल्या पावणेपाच कोटींपैकी साधारण २ कोटी ३७ लाखच दिले गेले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथे करार वाचला गेला. उरलेली रक्कम घटस्फोटानंतर द्यायची, असंच त्यात ठरलेलं होतं. मग अट मोडली कुठे? मुदत माफ झाली.

चर्चा रंगली ती पावणेपाच कोटींची. पाहण्यासारखा होता तो करार. कोणता हप्ता कधी, हे कागदावर इतकं स्पष्ट होतं की वाद उभा राहताच उत्तर त्यातच सापडलं. असा कागद सगळ्यांच्या नशिबी नसतो.

वेगळं होणं मराठी समाजाला काही नवं नाही. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी हे शब्द आजच्या कायद्यापेक्षा जुने. पांढरपेशा घरांना मात्र ती दुसऱ्यांकडची रीत वाटायची. हिंदू विवाह कायदा १९५५चा, पण परस्पर संमतीचं कलम, १३-ब, त्यात आलं १९७६ मध्ये. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करणाऱ्यांना ही सोय १९५४च्या त्या कायद्यातच होती. मधल्या एकवीस वर्षांत बाकीच्यांनी काय करायचं? दोघांनाही शांतपणे सुटायचं असलं, तरी एकाने दुसऱ्यावर काहीतरी आरोप ठेवायचा आणि कोर्टात तो सिद्ध करायचा.

आजची रीत तशी सोपी. वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, दोघांनी मिळून अर्ज करावा, सहा महिने थांबावं आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा येऊन तेच सांगावं. वेगळं राहणं म्हणजे वेगळा पत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलं. नव्या घराचं डिपॉझिट परवडत नाही म्हणून एकाच वन-बीएचकेत हॉल एकाचा, बेडरूम दुसऱ्याची अशी वाटणी करून राहणाऱ्यांनाही हे कलम लागू पडतं. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली: हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही आपली संमती काढून घेऊ शकतं.

सहा महिन्यांच्या मुदतीमागे हेतू चांगला होता. राग निवळेल, कोणीतरी एक पाऊल मागे घेईल. पण पोटगी, दागिने, मुलांचा ताबा सगळं ठरवून जे जोडपं कोर्टाची पायरी चढतं, त्याचा राग बहुधा कधीच निवळलेला असतो. उरलेला असतो तो थकवा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक नाही असं म्हटलं. अर्जाआधीच दीड वर्षाचा दुरावा झाला असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि देणंघेणं मिटलं असेल, तर न्यायाधीश ती माफ करू शकतात. परदेशातल्यांचीही थोडी सोय झाली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका पत्नीला मुंबई उच्च न्यायालयाने मुखत्यारपत्रावर अर्ज दाखल करायची आणि व्हिडिओ कॉलवर संमती द्यायची मुभा दिली.

घाई कमी-जास्त करण्यावर एवढी डोकेफोड झाली. संमती खरी आहे का, हे तपासण्यावर त्याच्या निम्मीही झालेली दिसत नाही.

शेवटच्या तारखेला काय होतं, ते पाहा. दोघं उभी राहतात. सह्या तुमच्याच ना? हो. कोणाची जबरदस्ती? नाही. पुढचं प्रकरण. ज्या मसुद्यावर त्या सह्या असतात, तो मुंबई-पुण्यात बहुतेकदा इंग्रजीत असतो आणि त्यात कुठेतरी एक वाक्य असतं: पत्नी यापुढे पोटगी, स्त्रीधन किंवा अन्य कोणताही हक्क मागणार नाही. ते तिला कोणी मराठीत समजावलं का? माहेरच्यांनी 'सोड बाई, सुटका होतेय ना' म्हणून सही करायला लावली का? तिकडे नवऱ्यानेही कौटुंबिक छळाचा गुन्हा मागे घेतला जाईल एवढ्याच आशेवर न झेपणारा आकडा मान्य केलेला असू शकतो. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. घाईत निसटलेलं मग सहजी परत मिळत नाही.

यासाठी नवा कायदा नको. संमती जबरदस्तीने, फसवून किंवा दडपणाखाली घेतलेली नाही याची खात्री कोर्टाने करावी, असं हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ आजही सांगतं. चौकशीचा अधिकार १३-ब मध्येच आहे. तेव्हा सहा महिने सरसकट माफ करा, पण त्याच्या बदल्यात दोघांनाही एकेकट्याला, वकील आणि नातेवाईक बाहेर ठेवून, वीस मिनिटं बसवा. किती रक्कम, कधी, दागिने कोणाकडे, मुलाची फी कोण भरणार, हे त्यांच्या तोंडून ऐका. कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतातच.

आणि घटस्फोट कोर्टाबाहेर उरकता येत नाही, हेही सांगायला हवं. स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून नोटरीचा शिक्का मारला की लग्न मोडत नाही. जातीतली काडीमोडाची रूढी कायद्याने राखली आहे, पण ती रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. तशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेल्यांना पेन्शन किंवा वारसाहक्काच्या वेळी पहिलं लग्न शाबूत असल्याचं कळतं.

ज्यांची तारीख जवळ आली आहे, त्यांनी मसुदा मराठीत मागावा, घरी न्यावा, एक रात्र ठेवावा. मुलांच्या पोटगीवर पाणी सोडल्याचं वाक्य त्यात दिसलं तर ते खोडायला सांगावं. तो हक्क मुलांचा आहे. आईला तो सोडून देता येत नाही.