तंबोऱ्याशेजारचा आगंतुक स्वर

जपानमधील काही ध्वनिशौकिनांनी केवळ संगीत ऐकण्यासाठी घराजवळ विजेचा स्वतःचा खांब उभारल्याचे वृत्त 2016 साली जगभर पसरले आणि त्यांची यथेच्छ टिंगल झाली. त्या टिंगलीत सामील व्हावेसे आम्हांस वाटत नाही. खांब ही अतिशयोक्ती खरी, पण तिच्या मुळाशी असलेली तक्रार खोटी नव्हे.

आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची. ध्वनियंत्रणेत शिरलेली तिची घरघर बहुधा 50 वा 100 हर्ट्झवर ऐकू येते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या आसपास असतो. हिशेब केला, तर 100 हर्ट्झचा हा आगंतुक स्वर तीव्र मध्यमाच्या किंचित वर आणि पंचमाच्या खाली पडतो. म्हणजे तो कोणत्याच रागाचा नव्हे. ढोलताशांच्या कल्लोळात तो लपेल. विलंबित ख्यालात गायक षड्जावर विसावतो, तेथे कसा लपणार?

म्हणून ध्वनियंत्रणेसाठी वितरण फलकापासून थेट वेगळी लाइन ओढणे, तिला स्वतःचा एमसीबी देणे, ही चैन आहे असे आम्ही मानत नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होताना येणारा ‘टक्’ तिने कमी होतो. परंतु घरघरीचे कारण पुष्कळदा निराळे असते: दोन उपकरणे वेगवेगळ्या जागी अर्थला जोडलेली आणि संदेशाच्या तारेने पुन्हा एकमेकांना जोडलेली, असा एक फेरा तयार होतो. सारी उपकरणे त्याच लाइनीवर घेतली तर तो आक्रसतो. अँप्लिफायर नव्या लाइनीवर आणि संगणक जुन्या, असे केल्यास घरघर वाढूही शकते. (भिंतीतली तार जुनाट ठेवून शेवटच्या दीड मीटरसाठी सोनेरी टोकांची महागडी केबल घेणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.)

आमचा खरा आक्षेप आहे तो सर्रास दिल्या जाणाऱ्या दोन सल्ल्यांना. एक, प्लगची तिसरी पिन काढून टाका. दुसरा, बागेत वेगळी सळई पुरून यंत्रणेला स्वतंत्र अर्थ द्या. घरघर थांबेलही; पण आत फेज धातूच्या पेटीला टेकली, तर पहिल्या प्रकारात विजेला परतीचा मार्गच उरत नाही, आणि घराच्या मुख्य अर्थशी न जोडलेल्या सळईतून मातीमार्गे जाणारा प्रवाह एमसीबी पाडण्याइतका क्वचितच असतो. पेटी जिवंत राहते, आणि तिला पहिला हात बहुधा घरातल्या मुलाचा लागतो. लाइन ओढायला परवानाधारक वायरमन येईल, त्याच दिवशी त्याच्याकडून साऱ्या घराचे अर्थिंग मोजून घ्यावे आणि आरसीसीबी नसेल तर तीही बसवून घ्यावी.