शिक्षकाला दुरुस्तीचा हक्क हवा

६१२ भागिले ६ याचे उत्तर प्राथमिक शाळेतली बरीच मुले १२ लिहितात. मधल्या शून्याची जागा त्यांच्या ध्यानात येत नाही. हा अडथळा बहुतेक शिक्षकांना भेटतो आणि जो तो आपापला तोडगा काढतो. कुणी खेळातल्या शंभराच्या नि दहाच्या नोटा सहा जणांत वाटायला लावतो, कुणी आधी उत्तराचा अंदाज सांगायला लावतो. पण हा तोडगा शेजारच्या गावातल्या शाळेपर्यंत जात नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. वस्तीवरच्या अशा द्विशिक्षकी शाळेत एकेकाकडे दोन-तीन इयत्ता, आणि सहकारी पलीकडच्या खोलीत तितकाच अडकलेला. विचारायचे कुणाला? वेबवर मिळून काम करण्याच्या साधनांची खरी गरज या शिक्षकाला आहे.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्यातल्या शिक्षकांनी व्हॉट्सॲपच्या गटांवर शाळा सुरू ठेवण्याची धडपड केली. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द त्याआधीच रुळला होता. या मेहनतीची किंमत कमी लेखता येणार नाही. पण गटावरचा संदेश वाहून जातो. या जूनमध्ये आलेली उत्तम कृती पुढच्या जूनमध्ये सापडत नाही, बदलीने आलेल्या शिक्षकाला मागचे काहीच हाती लागत नाही. त्यातच ‘ही लिंक आजच भरा’ असे निरोप त्याच गटावर येत राहतात आणि अध्यापनाची चर्चा त्याखाली गाडली जाते.

विकीची कल्पना नेमकी इथे उपयोगाची आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५मध्ये पहिली विकी उभी केली ती वाचणाऱ्यालाच मजकूर दुरुस्त करता यावा म्हणून. आजच्या विकीत किंवा सामायिक दस्तऐवजात कोणी, कधी, काय बदलले याची नोंद राहते आणि जुनी आवृत्ती परत आणता येते. भागाकाराच्या त्या पाठाचे एक पान असावे. एकाने नोटांची कृती लिहावी. दुसऱ्याने ती वर्गात करून ‘नोटा सुट्या करताना मुले गोंधळतात, आधी नुसते दशक सुटे करून घ्या’ अशी भर घालावी. तिसऱ्याने बहुवर्ग अध्यापनात ती कशी बसवली ते सांगावे. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एकच पाठ आखतात, तो एकमेकांच्या वर्गात पाहतात आणि सुधारतात. ही तिथली जुनी परंपरा आहे आणि तिला संगणक लागला नाही. आपल्याकडे अंतर आडवे येते, म्हणून वेब हवे.

वर्गातही हेच साधन मोलाचे ठरते. चार मुलांनी मिळून गावच्या ओढ्यावर लिहिले, तर शिक्षकाला शेवटच्या निबंधासोबत वाक्ये कशी घडत गेली तेही दिसते. गप्प बसणाऱ्या मुलीने मधला परिच्छेद सुधारला होता, हे एरवी कळलेच नसते. फ्रेंच भाषेत २००६पासून मुलांसाठी ‘विकिडिया’ हा ज्ञानकोश चालतो. मुले तिथे वाचतात तशी लिहितातही. मराठीत मुलांच्या हाती असे काही का नसावे?

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाल्यावर त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या नऊ शिक्षकांना वाटली. वर्गातली कल्पना राज्यभर पोहोचू शकते, याचा हा पुरावा आहे. मात्र कोड स्कॅन करून शिक्षक साहित्य पाहू शकतो, त्यात दुरुस्ती करू शकत नाही. २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक मंचाचा मुख्य प्रवाहही वरून खालीच वाहतो, आणि २०२०मध्ये ऑनलाइन झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात चित्रफीत पाहायची, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र घ्यायचे असा क्रम आहे. ज्याला वर्गाचा अनुभव आहे, त्याला आपण प्रेक्षक करून ठेवले आहे.

शिक्षकांनी मिळून लिहायच्या पानांचे हे काम खासगी कंपन्यांच्या फुकट सेवांवर सोपवणे धोक्याचे आहे. जगभरच्या शिक्षकांनी वापरलेले ‘विकिस्पेसेस’ २०१८मध्ये बंद होऊ लागले. ‘एडमोडो’ हा वर्गांसाठीचा मंच सप्टेंबर २०२२मध्ये गेला, गूगलचा ‘जॅमबोर्ड’ हा सामायिक फळा २०२४च्या अखेरीस. दर वेळी शिक्षकांना आपले पाठ उचलून दुसरीकडे धावावे लागले.

म्हणून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने मराठी शिक्षकांसाठी स्वतःची विकी उभारावी. तिच्यावरचे साहित्य मुक्त परवान्याखाली असावे. केंद्राच्या ‘राष्ट्रीय मुक्त शैक्षणिक संसाधन भांडारा’ने २०१३मध्येच तो मार्ग दाखवला आहे. मजकूर युनिकोडमध्येच असावा, कारण जुन्या फॉन्टांत टंकलेल्या असंख्य प्रश्नपत्रिका आज शोधताही येत नाहीत. २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती बंधनकारक केली आहे, तेव्हा मुलांची नावे आणि छायाचित्रे तिथे नकोत. बहुतेक शिक्षक स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा डेटा वापरतात, म्हणून पाने हलकी आणि छापता येतील अशी हवीत. आणि कोणतीही प्रशासकीय माहिती या जागेवरून मागवली जाणार नाही, असा स्पष्ट शासन निर्णय हवा. अशी मागणी एकदा सुरू झाली की शिक्षक तिथून निघून जातील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

वेळेचा प्रश्न उरतो. आसपासच्या शाळांच्या केंद्रातली शिक्षण परिषद दरमहा भरते. तिथे परिपत्रके वाचण्याऐवजी एका पाठाचे पान सगळ्यांनी मिळून सुधारावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. सहकाऱ्याचा पाठ वर्गात करून पाहणे आणि त्यात भर घालणे याला त्या पन्नास तासांत धरावे. त्याची वेगळी हजेरी घ्यायला नको. कोणी काय भर घातली हे त्या पानाच्या इतिहासात नोंदलेले असतेच.