भूत वाटणीच्या दिवशीच का येते?

भुताटकीच्या वाड्याचे विनोदी रहस्यपट मला मनापासून आवडतात. दार करकरते, दिवे जातात, भिंतीतून हात येतो आणि भल्याभल्यांची त्रेधा उडते. आपण पोट धरून हसतो. हसावेच! पण हसून झाल्यावर दोन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. हा वाडा वारशाने मिळाला कोणाला? आणि ती घाबरून पळाली, तर मिळणार कोणाला?

ह्या जातीच्या कथांची आजी शोभेल असे एक अमेरिकन नाटक आहे : जॉन विलार्ड यांचे ‘द कॅट अँड द कॅनरी’. ते 1922 साली रंगभूमीवर आले. 1927 साली पॉल लेनी यांनी त्यावर मूकपट काढला, तर 1939 साली बॉब होप आणि पॉलेट गोडार्ड यांचा बोलपट आला. मूकपटाची गोष्ट अशी. हडसन नदीकाठच्या हवेलीत एक श्रीमंत म्हातारा मरतो. त्याचे मृत्युपत्र वीस वर्षांनी, मध्यरात्री उघडायचे असते. नातेवाईक जमतात. सगळी इस्टेट निघते ॲनाबेल नावाच्या तरुणीच्या नावे. मात्र एक अट असते. ती शहाणी आहे, असे डॉक्टरने ठरवले पाहिजे. नाही ठरली, तर दुसऱ्या बंद पाकिटात ज्याचे नाव आहे त्याला सारे मिळणार.

झाले! रात्र सुरू होते. वकील तिच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. ती झोपलेली असताना भिंतीतून एक हात येतो आणि गळ्यातला हार ओढून नेतो. ती ओरडून सांगते, तेव्हा नातेवाईक एकमेकांकडे पाहतात : बिचारी! शेवटी कळते की भूतबीत काही नाही. दुसऱ्या पाकिटात आपलेच नाव आहे, हे ठाऊक असलेला एक नातेवाईक हे सारे करत असतो. त्या घरात खून करणाऱ्याला कोणी डॉक्टर दाखवत नाही. खरे सांगणारीची मात्र तपासणी! आणि अखेर नायिकेचे सूत जुळते तेही जमलेल्यांपैकीच एकाशी. म्हणजे इस्टेट घरातल्या घरातच राहिली म्हणायची.

लोक म्हणतील, करमणूक आहे, सोडून द्या. मी सोडणार नाही. कारण ही करमणूक जे उघड सांगते, ते आपल्या घरांत कोणी तोंडातून काढत नाही : भूत हे बहुधा दुसऱ्या क्रमांकाचे वारस असते.

तालुक्याच्या गावातला एक वाडा मला माहीत आहे. वडील गेले आणि बहिणीने वाट्याची गोष्ट काढली. लगेच माजघर ‘वाईट’ निघाले. रात्री पावले वाजू लागली, म्हातारी आत्या दिसू लागली. भाऊ म्हणाले, “ताई, तुझ्या लेकराबाळांना कशाला ह्या घराची बाधा? सही करून मोकळी हो.” ताईंनी सही केली. पुढे त्याच माजघरासकट वाडा बिल्डरला गेला. बिल्डरला आत्या दिसली नाही. भावांनाही पैसे मोजताना पावले ऐकू आली नाहीत. आत्याचे भूत इतके सोयीचे कसे, की ते फक्त माहेरवाशिणीलाच दिसावे?

भावांना बोल लावताना कायद्यालाही सोडायला नको. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला आणि कलम 23 मध्ये एक भूत बसवून ठेवले. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारस ठरवतील तेव्हाच. तोवर मुलीने ती मागायची नाही. अविवाहित, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली मुलगी तिथे राहू शके. नांदत्या मुलीला तेवढेही नाही. मालकीण आहेस, पण उंबऱ्याबाहेरची! महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्या वर्षीच्या 22 जूनपूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला आणि कलम 23 ही काढून टाकले. त्या भुताला उतरायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले.

त्याच कायद्याचे कलम 28 प्रत्येकीने पाठ करावे. रोग, दोष किंवा व्यंग ह्या कारणाने कोणाचाही वारसा नाकारता येत नाही. म्हणजे मृत्युपत्र नसेल, तर बाई खरोखरच वेडी असली तरी वारस आहे. मग “तिच्या डोक्यावर परिणाम झालाय” ही कुजबुज कशासाठी? तिने स्वतःच खचून कागदावर अंगठा उठवावा, यासाठी.

हा कायदा आदिवासींना लागू नाही. तिथे तर भूत घरात नसतेच, बाईलाच भूत ठरवतात. सातपुड्यात ती डाकीण होते, झारखंडात डायन. नवरा गेलेली, एकटी, थोडी जमीन कसणारी बाई अनेकदा ह्या आरोपाला बळी पडते. बिहारने 1999 साली आणि झारखंडने 2001 साली ह्याविरुद्ध कायदे केले. ॲनाबेलचा हार गेला. इथे जीव जातो.

आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या सोबत्यांशी माझे भांडण इथेच आहे. त्यांच्याबद्दल आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 2013 साली खून झाला, तेव्हा कुठे महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, हे कसे विसरू? पण “भूत नसते” हे सिद्ध करून व्याख्यान संपते, तिथे आमचे काम सुरू होते. भूत नाही हे भावांना केव्हाच ठाऊक असते! बाईला विज्ञान शिकवून पुरत नाही. भिंतीआड उभा कोण आहे आणि दुसऱ्या पाकिटात नाव कोणाचे आहे, हे तिच्या हाती लागले पाहिजे. ते सातबाऱ्यावर सापडते, मिळकत पत्रिकेवर सापडते, तलाठ्याच्या फेरफारात सापडते.

तेव्हा मैत्रिणींनो, माहेरच्या घरात पावले वाजू लागली, की आधी उतारा काढा. लिंबू-नारळाचा नव्हे, सातबाऱ्याचा! वारस म्हणून आपले नाव लागले आहे का, ते पाहा. हक्कसोडपत्रावर घाईने, रडत, भाऊबीजेच्या ताटाशेजारी सही करू नका. कागद घरी आणा, वाचा, दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. हक्क सोडायचाच असेल, तर तो काय किमतीचा आहे हे कळल्यावर सोडा. आणि कोणी म्हणालेच की ती खोली वाईट आहे, तर शांतपणे सांगा, “मग तीच माझ्या वाट्याला द्या.”