न दुखणारी जखम



या सदरात आपण नेहमी पिकांच्या रोगांविषयी बोलतो. आज माणसाच्या पायाविषयी बोलू. मी डॉक्टर नाही. पण माझ्या थोरल्या भावाच्या पायाने जे शिकविले, ते तुमच्या कानी घालावेसे वाटते.

दादांना १२ वर्षांपासून मधुमेह आहे. तुरीच्या रानात फिरताना चपलेतून सड पायात घुसला. दुखले नाही, म्हणून त्यांनी पाहिलेही नाही. आठ दिवसांनी वहिनींना अंथरुणावर पुवाचा डाग दिसला. मग हळद भरली, फडके बांधले आणि दादा पुन्हा शेतावर. शेवटी एक बोट काढावे लागले, तेव्हा कुठे पाय वाचला.

असे का होते? रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा रुतला तरी कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तर जखमेला पुरेसे रक्तही पोचत नाही. म्हणून दुखत नाही याचा अर्थ बरे आहे असा धरू नका.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांवर उपचार करताना त्यांनी दाखवून दिले की, बधिर पायाची जखम चालण्याच्या दाबाने चिघळते. भार काढला की ती भरू लागते. पुढे हेच ज्ञान मधुमेहींच्या कामी आले. बैलाला खांदेसूज आली तर आपण नुसते मलम लावून त्याला जुंपतो का? जूही उतरवून ठेवतो. मग स्वतःच्या पायाला का जुंपावे?

डॉक्टर मेलेली कातडी काढून जखम साफ करतात, रक्तपुरवठा तपासतात, जंतू शिरले असतील तर औषध देतात. भार कमी करण्यासाठी खास प्लास्टर किंवा पादत्राण देतात. ते नेटाने वापरावे. साखर आटोक्यात ठेवावी, विडी-तंबाखू सोडावी.

घरी एवढे पाळा :

१. रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. तळवा आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा.

२. घरातही अनवाणी फिरू नका. वहाण घालण्यापूर्वी झटका.

३. पाय शेकू नका. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहा.

४. कुरूप पात्याने कापू नका. जखमेत राख, चुना, तंबाखू भरू नका.

५. जखम दिसताच दवाखाना गाठा. लाली, सूज, दुर्गंधी, काळेपणा किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.

गेल्या वर्षी दादांच्या पायाला पुन्हा फोड आला. या वेळी वहिनींनी तो पहिल्याच संध्याकाळी पाहिला. दादा सहा आठवडे खाटेवरून हुकूम सोडत बसले आणि पेरणी मुलांनी केली. जखम भरली. पेरणी चार दिवस मागे पडली, पण दादा आज स्वतःच्या पायांनी रानात जातात.

आज दिवेलागणीला घरातल्या मधुमेही माणसाचे पाय उजेडात पाहा.