वनवृत्त नांदेडला की लातूरला?

सरकारी खात्याची फेररचना म्हटली की मराठवाड्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो : कार्यालय कोणाच्या गावात? 2009 साली मराठवाड्याचे दुसरे महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचे ठरले, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी आयुक्तालय एकच, औरंगाबादेतले (आताच्या छत्रपती संभाजीनगरातले) राहिले. दोन्ही गावांचे हात रिकामेच. वनखात्याची घडी बदलायची वेळ आली तर असाच खेळ होईल, ही भीती असल्याने हे आधीच लिहून ठेवतो.

राज्यात अकरा प्रादेशिक वनवृत्ते, म्हणजे अनेक वनविभागांवर देखरेख ठेवणारी कार्यालये, आहेत. त्यांतली नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती आणि यवतमाळ ही पाच विदर्भात. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याला एक, छत्रपती संभाजीनगरचे. जंगल तिकडे जास्त, म्हणून वृत्तेही जास्त. हा हिशेब वरवर रास्त आहे. पण त्यात नांदेड जिल्ह्यातले किनवट बसत नाही. मराठवाड्याचे नाव काढले की डोळ्यांपुढे उघडे माळ येतात. किनवट-माहूरकडे मात्र सागवानाचे खरेखुरे जंगल आहे, गोंड-कोलाम-आंधांची वस्ती आहे. किनवट तालुका निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता; 1956च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. माणसांची वाटणी झाली, जंगल मात्र सलगच राहिले. सागवान चोरणाऱ्यांना ते बरोबर ठाऊक आहे. रात्री तोडलेले लाकूड तेलंगणाच्या हद्दीत गेले की इकडच्या वनरक्षकाचे हात बांधले जातात. अशा ठिकाणचा वरिष्ठ अधिकारी जवळपास चारशे किलोमीटर दूर, संभाजीनगरात बसतो.

बरे, जंगल एक म्हणावे तर मालक अनेक. प्रादेशिक क्षेत्र नांदेडच्या उपवनसंरक्षकांकडे. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले, त्याचा कारभार पांढरकवड्याच्या वन्यजीव विभागाकडे. किनवट भागातलाच काही पट्टा 1974 साली निघालेल्या वन विकास महामंडळाकडे, ज्याचा मूळ धंदा सागवान लावणे आणि विकणे. रोपवने, रस्त्याकडेची झाडे सामाजिक वनीकरणाकडे. रानडुकराने ज्वारी लोळवली की शेतकऱ्याने यांपैकी कोणाचे दार ठोठावायचे, हे त्याने शेजाऱ्याला विचारून ठरवावे!

लातूरची गोष्ट अगदी उलटी. तिथे जंगल जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्काही नाही, आणि 1988चे राष्ट्रीय वनधोरण एक तृतीयांश भूमी झाडांखाली असावी म्हणते. वडवळ नागनाथचे संजीवनी बेट, उदगीरकडचे हत्तीबेट असे ठिपके सोडले तर राखायला वनच नाही. तिथली लढाई गायरानावर, तलावाच्या काठी, शेताच्या बांधावर आहे. 2016च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्याला चोरटे शिकारी पकडणाऱ्या अधिकाऱ्यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत रोप जगवणारा माणूस हवा. सामाजिक वनीकरणाचे संचालनालय 1982 साली याच कामासाठी उभे राहिले होते. पण ते कधी एका खात्याच्या छत्राखाली, कधी दुसऱ्याच्या. आता परत वनखात्यात. 2019च्या पावसाळ्यात 33 कोटी झाडांचा संकल्प झाला. खड्ड्यांचे फोटो भरपूर निघाले. तीन वर्षांनी रोप दिसले नाही तर जाब कोणी द्यायचा, हे मात्र रचनेत कुठेच लिहिलेले नव्हते.

किनवट आणि लातूर एकाच साच्यात ओतायचे, हाच मूळ घोटाळा आहे.

या साच्याचे अपुरेपण एका वाघानेही दाखवले. डिसेंबर 2024 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचा एक तरुण वाघ चारशे-पाचशे किलोमीटर चालत धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात पोहोचला. वाटेत किती वनविभाग, किती परिक्षेत्रे ओलांडली, हे त्याने विचारले नाही. त्याला पकडायचे ठरले तेव्हा ताडोबाहून पथक मागवावे लागले. मराठवाड्यात वाघ हाताळू शकेल असे पथकच नव्हते, कारण आपल्याकडे वाघ नसतो असे खात्याने गृहीत धरले होते.

फेररचना म्हणजे नवी कार्यालयेच असे नाही. अमेरिकेत 2025च्या जुलैमध्ये वनसेवेची नऊही प्रादेशिक कार्यालये टप्प्याटप्प्याने बंद करण्याची योजना जाहीर झाली. मधला थर काढला की कारभार सुटसुटीत होतो, असा तिथला दावा. आपल्याकडे रोग वेगळा आहे. वर खुर्च्या वाढतात, शाखा फुटतात आणि खाली नियतक्षेत्रावर (बीटवर) एकटा वनरक्षक हातात काठी घेऊन फिरतो. नांदेडला वनवृत्त दिले आणि खाली काहीच बदलले नाही तर एक नवी इमारत, दोन नव्या गाड्या आणि एक नवी पाटी एवढीच कमाई होईल.

तरीही नांदेडला वृत्त द्यावे, कारण जंगल तिकडे आहे. लातूरकरांनी त्यावरून बंद पुकारू नये. त्यांनी मागायचे ते सामाजिक वनीकरणाचे भक्कम कार्यालय, स्वतःच्या रोपवाटिका आणि पाच वर्षांचा निधी. पैनगंगेचे दोन्ही काठ एका अधिकाऱ्याकडे द्यावेत, आणि नव्या वृत्ताच्या आदेशाबरोबरच एकही नियतक्षेत्र वनरक्षकाविना राहणार नाही, असे वनमंत्र्यांनी लेखी द्यावे.